मेलेली गाठ

"मधी मेलीय म्हनं गाठ. मंग चांगलंच ना?" वरळी कोळीवाड्यातल्या शेजारच्या काकींनी रिपोर्ट पुढे केला. काकांच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर फुफ्फुसात गेला होता, तिथली गाठ काढली होती. 'नेक्रोसिस' या शब्दाखाली मुलाने रेघ मारून बाजूला 'मृत' लिहिलं होतं.

शत्रू मेला, असा अर्थ कुणीही काढेल. पण तो कशाने मेला?

ते काकींना माशावरून सांगता आलं. ढिगावर वरूनच बर्फ टाकला, तर कडेचे बोंबील तग धरतात, मधले आधी नासतात. गाठीचंही तसंच. 1955 साली टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे तुकडे तपासले. रक्तापासून साधारण 0.2 मिलिमीटरपलीकडे ऑक्सिजन पोचेना आणि पेशी मरत होत्या. म्हणजे औषधाने हात लावलेला नसताना गाठ मधून मेली असेल, तर ती रक्तपुरवठ्यापेक्षा वेगाने वाढली असण्याची शक्यता असते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात असा मृत भाग जास्त असणं हे अनेक अभ्यासांत वाईट लक्षण ठरलं आहे. फुफ्फुसात पोचलेल्या गाठीतही पॅथॉलॉजिस्ट हा मृत भाग बघतात. गाठीतल्या ग्रंथींच्या पोकळीत मेलेल्या पेशींचा कचरा साचला, की ते त्याला 'डर्टी नेक्रोसिस' म्हणतात. गाठ आतड्याकडून आल्याचा तो एक माग. (शास्त्राला इतका घरगुती शब्द सुचला, याचं मला बरं वाटतं.)

किमोनंतर मात्र तोच शब्द उलटा बोलू शकतो. हाडाच्या ऑस्टिओसार्कोमात शस्त्रक्रियेआधीच्या किमोने 90 टक्के किंवा जास्त गाठ मेली, तर डॉक्टर खूश होतात. आतड्याच्या गाठीत हिशेब इतका सरळ नाही. तिथे मेलेल्या जागी व्रण धरलाय का, हेही बघतात. आपण रिपोर्ट निकालपत्रासारखा वाचतो, पास की नापास. खरं तर तो पंचनामा असतो.

शिवाय एका शब्दावर काकांचं भविष्य ठरत नाही. गाठी किती होत्या, पूर्ण निघाल्या का, आतड्याच्या ऑपरेशननंतर किती काळाने उगवल्या, रक्तातल्या सीईए या कर्करोगाच्या खुणेचं प्रमाण किती, हे सगळं धरावं लागतं. मी ते सांगितलं. जरा घाईनेच सांगितलं.

काकींनी ऐकलं की नाही, कोण जाणे. "आधीची की नंतरची, त्यावर हाय तर," एवढंच म्हणाल्या. प्लास्टिकच्या पिशवीतले कागद काढून ओट्यावर तारखेवार लावले. फुफ्फुसाचं ऑपरेशन फेब्रुवारीतलं. किमोचा पहिला कागद मार्चचा.