देवही खाली उतरतात
(श्रीकेदारनाथ यात्रेस निघणाऱ्या भाविकांसाठी)

भाविकहो,

द्वादश ज्योतिर्लिंगांपैकी श्रीकेदारनाथाचे स्थान सर्वांत उंच. श्रीभीमाशंकर, श्रीत्र्यंबकेश्वर, श्रीघृष्णेश्वर यांचे दर्शन घडले, की पुष्कळांच्या मनाला केदारनाथाची ओढ लागते. आयुष्यभर पै-पै साठवून, घरच्या देवापुढे नारळ ठेवून माणसे हिमालयाची वाट धरतात. या ओढीपुढे आम्ही नतमस्तक आहोत. म्हणूनच निघण्यापूर्वी एक गोष्ट आपल्या कानी घालणे अगत्याचे वाटते.

श्रीकेदारनाथाचे मंदिर समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर आहे. पायी यात्रेचा आरंभ जेथून होतो ते गौरीकुंड जेमतेम २,००० मीटरवर. जून २०१३ च्या महापुरात रामबाडा आणि जुनी वाट वाहून गेली. त्यानंतर काढलेल्या वाटेने ही चढण सुमारे १६ किलोमीटरची आहे. वरती हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच उरतो; प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तेवढाच घटतो. शरीर या बदलाला सरावते, पण त्यास काही दिवस लागतात. आपण मात्र एका दिवसात चढतो, आणि हेलिकॉप्टरने गेल्यास काही मिनिटांतच. त्यात थंडीची भर. वैशाखात द्वारे उघडतात तेव्हा भोवती बर्फ असते. दिवाळीच्या सुमारास रात्री पारा शून्याखाली जातो.

गौरीकुंड ही पार्वतीमातेची तपोभूमी मानली जाते. कालिदासांच्या ‘कुमारसंभवा’त तिच्या तपाचा प्रसंग आहे. बटूचे रूप घेऊन आलेले शंकर तिला प्रथम कुशल विचारतात, आणि हे तप आपल्या शक्तीच्या मर्यादेत चालले आहे ना, असेही विचारतात. धर्म आचरायचा तो शरीराच्याच आधाराने, याची आठवण ते करून देतात. प्रत्यक्ष जगन्मातेला जो प्रश्न विचारला गेला, तो आपण स्वतःला विचारण्यात कमीपणा कसला?

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. कुटुंब सायंकाळी केदारपुरीत पोहोचले आहे. दर्शन पहाटे. रात्री वृद्ध आईचे डोके ठणकते, अन्न नकोसे होते, उलटी होते. ती कोणास सांगत नाही. आपल्यामुळे मुलांचे दर्शन चुकेल, ही धास्ती. मुलाला शंका येते, पण तोही म्हणतो, “एवढे आलो, आता सकाळपर्यंत कळ काढू.” मध्यरात्री स्वस्थ पडून असतानाही तिला धाप लागते, बोलणे असंबद्ध होते, पाऊल अडखळते. भाविकहो, ही श्रद्धेची परीक्षा नव्हे. हा प्राणावरचा प्रसंग आहे. अशा वेळी वैद्यकीय मदत घ्यावी, मिळेल तेथे प्राणवायू द्यावा आणि विलंब न लावता रुग्णास खाली उतरवावे. खाली उतरणे हाच यावरचा खरा उपाय होय.

“पण दर्शन न घेता परतलो, तर नवस अपुरा राहील,” असे मन म्हणेल. त्या मनाला केदारनाथाचीच रीत सांगावी. दरवर्षी भाऊबीजेला मंदिराची द्वारे बंद होतात आणि देवांची उत्सवमूर्ती डोलीतून ऊखीमठास, सुमारे १,३०० मीटर उंचीवर, आणली जाते. हिवाळाभर पूजा तेथील ओंकारेश्वर मंदिरात चालते. ऋतूचा मान राखून देवही खाली उतरतात; मग भक्ताने उतरण्यात कसली लाज? परत फिरलेल्या भक्ताची केदारनाथावरील भक्ती उणी होत नाही. वर केदार आहेत, तसेच खालीही आहेत.

आणखी एक. महाप्रस्थानाच्या वेळी द्रौपदी आणि चौघे भाऊ एकेक करून हिमालयात पडले. शेवटी स्वर्गाच्या दाराशी धर्मराजाला सांगण्यात आले, की सोबतचा कुत्रा सोडून ये. त्याने स्वर्ग नाकारला, पण सोबत सोडली नाही. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता. आपल्या सोबतचा थकलेला माणूस मागे राहिला असेल, तर धर्म त्याच्यापाशी थांबला आहे, असे समजावे.

म्हणून निघण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा. हृदयविकार वा दमा असणाऱ्यांनी तर अवश्य घ्यावा. गौरीकुंड वा सोनप्रयाग येथे एक रात्र विसावा घ्यावा. चढण संथ असावी. वाटेत कडक उपवास करू नये, कोमट पाणी पीत राहावे. घामाने किंवा पावसाने भिजलेले कपडे त्वरित बदलावेत. बर्फासारख्या पाण्यात स्नानाचा हट्ट धरू नये. हातपाय धुऊन केलेला नमस्कारही देवाला पोहोचतो. आणि दुखणे लपवू नये.

श्रीकेदारनाथ आपणांस दर्शन देवोत, आणि आपली वाट पाहणाऱ्या घरी सुखरूप परत आणोत.

॥ ॐ नमः शिवाय ॥