सदोमाकडे तोंड केलेला तंबू

आजचं वाचन उत्पत्ति १३. लोटाने तंबू ठोकला तो सदोमाच्या दिशेने. १४व्या अध्यायात तो सदोमातच राहतोय, आणि १९व्यात थेट वेशीत बसलेला दिसतो. आमच्याकडे सर्व्हर ‘अचानक’ पडतो ना, तसंच. लॉग उघडले की कळतं, मेमरी लीक आठवडाभर चालू होता.

पण २ पेत्र २:८ मला जास्त बोचतं. लोट नीतिमान होता. रोज जे दिसायचं, कानावर पडायचं, त्याने त्याचा जीव कासावीस व्हायचा. तरी तो तिथेच राहिला! म्हणजे वाईट वाटणं वेगळं, तंबू हलवणं वेगळं. लोकलमध्ये रील्स बघताना आपलंही मन टोचतं, बोट मात्र सरकत राहतं. आज स्टेशन यायच्या आत एक अकाउंट अनफॉलो करा. कोणतं, ते पवित्र आत्म्याने तुम्हाला कधीच दाखवलंय.