स्वधर्म कुणी ठरवायचा? (अध्याय 3, श्लोक 35)

आज तिसऱ्या अध्यायातला पस्तिसावा श्लोक. आपला धर्म उणा असला तरी तो नीट पाळलेल्या परक्या धर्मापेक्षा बरा, असं भगवंत सांगतात. अठराव्या अध्यायात, सत्तेचाळिसाव्या श्लोकात, यातली पहिली ओळ जशीच्या तशी पुन्हा येते. या श्लोकाच्या आधाराने माणसांना जन्माच्या खुंट्याला बांधून ठेवलं गेलं, हे डोळ्याआड करून पुढे जाता येत नाही. मी त्याचा वापर केला तो याहून लहान, पण माझ्यापुरता वाईटच. तोच आज लिहायचा आहे. सुरुवात मात्र एका फळीपासून करतो.

जालन्याच्या पोलाद कारखान्यांसाठी कुठून कुठून भंगार येतं. गेल्या मार्चमध्ये मी मोटरचं जुनं स्टार्टर बघायला एका भंगारवाल्याकडे गेलो होतो. तिथे एक लांबलचक पांढरी फळी भिंतीला टेकवलेली दिसली. विंडसर्फिंगची, म्हणजे शिडाची फळी. मुंबईकडून आलेल्या गाडीतून ती आली होती. अॅल्युमिनियमची डोलकाठी आधीच विकली गेलेली, शिडाचा पत्ता नाही. प्लास्टिकला भाव कमी म्हणून फळी उरली. 1968 मध्ये कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉयल श्वायट्झर यांनी ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिचंच हे पुढचं रूप : डोलकाठी बुडाशी सगळीकडे वळते, आणि माणूस शीड हातात धरून उभा राहतो. 1984 पासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. आमच्या जिल्ह्यात प्यायला टँकर लागतो, तिथे ही! मी ती घेतली.

भंगारवाल्याच्या काट्यावर 36 किलो भरली. वरून पॉलिथिनचं कवच, आत फोम. मधल्या उभ्या खाचेच्या कडेला तडा होता आणि तिथून वर्षानुवर्षं पाणी आत मुरलेलं. एप्रिल-मे गोठ्याच्या भिंतीला उभी करून वाळवली. आपल्याकडचं ऊन एकदाचं कामी आलं. 29 किलोवर आली.

तडा बुजवायला आधी एपॉक्सी लावलं. दुसऱ्या दिवशी ते नखाने पापुद्र्यासारखं निघालं. पॉलिथिनचा पृष्ठभाग मेणचट असतो, त्यावर गोंद ठरत नाही. मग मोपेडवर फिरून पाण्याच्या टाक्या जोडणारे एक मामा आले. त्यांनी फळीचा छोटा तुकडा कापून जाळला आणि वास घेतला. मेणबत्तीसारखा वास. म्हणाले, "ह्याला चिकटवायचं नसतं. ह्याच्याच जातीचं ह्याच्यात वितळवायचं." निळ्या ड्रमच्या पट्ट्या कापून तापल्या लोखंडाने त्यांनी तडा सांधला. पांढऱ्या फळीवर निळा वण दिसतो. मला तो आवडतो.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे माझं आणि आण्णांचं वाजलं.

माझ्या डोक्यात शीड होतं. फळी शिडासाठी घडवली, म्हणजे तिचा स्वधर्म शीड. कुठूनतरी जुनी डोलकाठी मिळवू, तारकर्लीला नेऊ, तोवर काही कापायचं नाही, बदलायचं नाही. आण्णांचं म्हणणं एकच : शेततळ्याच्या काठाला ठेव. "काहून शीड शोधतो? इथं वाऱ्यावर कुठं जायचंय? पडलेल्याला धरायला कायतरी पाहिजे."

मी चिडलो, कारण शेततळ्याचं नाव निघालं.

कडवंचीच्या द्राक्षांमुळे शेततळी सगळ्यांना ठाऊक झाली. त्यांनी कित्येक घरं तारली, आमचंही. पण प्लास्टिकच्या पन्नीचा उतार, त्यावर शेवाळ. पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या शिवारात एक पोरगा पडला. मी घरून काम करत होतो, कॉल चालू होता. ओरडा ऐकू आला. मी माईक म्यूट केला, पण कॉल सोडला नाही. माझा मुद्दा येणार होता. तो मांडला आणि मग धावलो. असतील तीनेक मिनिटं. मी पोचलो तेव्हा त्याला बाहेर काढलं होतं. तो गेला.

ती तीन मिनिटं धरूनही काही फरक पडला नसता, असं सगळे म्हणतात. कदाचित खरं असेल. पण त्या रात्री मी हाच श्लोक वाचला आणि स्वतःला समजावलं, की मी माझं काम सोडलं नाही, जो तो आपापल्या कर्माला बांधलेला. तेवढ्यावर मला झोपही लागली. ती झोप मला आजही खटकते.

फळीवरून भांडल्यानंतर मी मागे जाऊन दुसरा अध्याय काढला. अर्जुनाला परधर्म म्हणून काही वाईट करायचं नव्हतं. गुरूंना मारण्यापेक्षा भीक मागून जगेन म्हणत होता. ऐकायला किती चांगलं! तरी भगवंतांनी ते मानलं नाही, कारण तो समोरून निघून जायला बघत होता. मला वाटतं, परधर्म बहुतेक वेळा असाच येतो, समोरच्यापेक्षा उजळ दिसणारा. माझा कॉल तसाच होता. तारकर्लीही तशीच. फळी कशासाठी घडवली हे साच्याने ठरवलं असेल, पण ती आता ज्या पाण्याशेजारी आहे ते पाणीही काही मागतंय. आणि मी त्या पाण्याकडे दोन वर्षं पाठ करून होतो.

शेवटी मागचं पातं काढलं, त्याने पन्नी फाटली असती. खाच बुजवली नाही. तिच्यातून दोर ओवून दोन्ही कडांना पकडायला फास काढले. माणसाचं वजन आलं तरी सुटत नाहीत. डोलकाठीच्या भोकात लांब दोरी, तिचं दुसरं टोक काठावरच्या खांबाला. वर उभं राहायला पोरांच्या खेळायच्या मॅटचे तुकडे. ते बसवताना ज्योत पृष्ठभागावरून झरझर फिरवायची आणि मग गोंद लावायचा, तेव्हा कुठे धरतो. ज्योत निळीच हवी, पिवळीने काजळी बसते. वेळूला फळकूट बांधून वल्हं केलं.

पातं नसल्याने फळी सरळ जात नाही. एका बाजूने चार वल्ही मारली की गोल फिरते. रविवारी लाइफ जॅकेट घालून मी पहिल्यांदा तिच्यावर उभा राहिलो आणि तळ्याच्या मधोमध गिरकी घेत राहिलो. शेजारच्या शिवारातला त्या पोराचा बाप बांधावर येऊन थांबला होता. बराच वेळ बघत होता, काही बोलला नाही. मग खाली येऊन त्याने दोरीचं टोक खांबावरून सोडवून आपल्या हातात घेतलं, आणि मी काठाला लागेपर्यंत धरून ठेवलं.

उद्या छत्तिसावा श्लोक, अर्जुनाचा प्रश्न : इच्छा नसताना माणूस पाप का करतो?

राम कृष्ण हरी.