गावाचा टीव्ही, गाणाऱ्याचा हक्क

गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात पीज नावाचं गाव आहे. १९७५ साली तिथे अवघ्या एक किलोवॅट क्षमतेचं दूरचित्रवाणी प्रक्षेपण केंद्र सुरू झालं. ते चालवत होतं अहमदाबादचं अवकाश उपयोग केंद्र, म्हणजे उपग्रह आणि अग्निबाणांच्या जगातली माणसं. शेकडो गावांत सार्वजनिक टीव्ही संच बसवले गेले आणि त्यांतले बरेचसे ठेवले गेले ते सहकारी दूध संस्थांत. दूध घालायला आलेली माणसं संध्याकाळी तिथेच बसकण मारत. कार्यक्रम चरोतर भागाच्या बोलीत असायचे, त्यात भवाईसारखे लोककलांचे प्रकार यायचे, आणि विषय निघायचे ते हुंड्याचे, विधवाविवाहाचे, शेतमजुराच्या बुडवलेल्या मजुरीचे. मजुरीवरच्या कार्यक्रमांनी गावोगावचे सधन जमीनदार चिडले, यातच त्या वाहिनीचं यश आलं. या प्रकल्पाला पुढे युनेस्कोचा ग्रामीण संवादासाठीचा पुरस्कारही मिळाला.

मग दूरदर्शनचं जाळं वाढलं, अहमदाबादचं केंद्र मोठं झालं आणि पीज बंद पडलं. गावकऱ्यांनी त्याला विरोध केला होता. दिल्लीत रंगीत टीव्हीचं कौतुक चाललेलं असताना एका जिल्ह्याच्या टीव्हीसाठी कोण अडून बसणार?

तेव्हापासून आजवर भारतात सामुदायिक दूरचित्रवाणी नावाचा परवानाच अस्तित्वात नाही. सामुदायिक रेडिओचा आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला आणि प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. त्या खंडपीठावर महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्या निकालाच्या बळावर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना छोटी रेडिओ केंद्रं काढता येऊ लागली. तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी बायकांचा संघम रेडिओ २००८ मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास माणदेशात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ बोलू लागली. लहरी सार्वजनिक असतील तर त्यांवरून नुसता आवाजच का जावा, चित्र का नको, हा प्रश्न मात्र धोरणकर्त्यांना पडलेला दिसत नाही.

ही पोकळी भरून काढली तालुक्याच्या केबलवाल्याने. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम गावात जावं. केबलवर एक स्थानिक वाहिनी असतेच. तिच्यावर गणेशोत्सवाची आरास, शाळेचं स्नेहसंमेलन, नगरपालिकेची तहकूब झालेली सभा, सप्ताहाचं कीर्तन आणि खाली सरकत्या पट्टीत वाढदिवसाच्या शुभेच्छा. तिला हसणं सोपं आहे. पण गावाला गावच दिसतं अशी दुसरी जागा पडद्यावर नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अशा वाहिन्यांसाठी नियम केले, नोंदणी बंधनकारक केली. त्यात नोंदणी आहे, शिस्त आहे, पण या वाहिनीला सार्वजनिक काम म्हणून हात देण्याचा विचार नाही.

आणि या वाहिनीवर गातं कोण? भजनी मंडळ, भारूड करणारा, शाहीर, गोंधळी, कीर्तनकार. त्यांच्या हाती शाल-श्रीफळ पडतं, झालंच तर मानधनाचं पाकीट. कागद कुठलाच नसतो. चित्रीकरण मात्र वाहिनीकडे राहतं, तिथून ते यूट्यूबवर चढतं आणि जाहिरातींचे जे काही पैसे येतात ते चढवणाऱ्याच्या खात्यावर जातात. गोंधळ्याला कुणी विचारलं, तर ‘हे तर पारंपरिक आहे, त्यावर तुमचा कसला हक्क?’ असं सरळ तोंडावर सांगितलं जातं.

हे सांगणारा कायद्याने चुकतो. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यावर कुणाचंच स्वामित्व नाही. पण ‘अभंग तुकयाचे’साठी श्रीनिवास खळ्यांनी बांधलेल्या चालींची गोष्ट वेगळी आहे. खळ्यांचं निधन २०११ मध्ये झालं आणि निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा नियम धरला तर त्या चालींचं स्वामित्व २०७१ अखेरपर्यंत चालेल. तिसरा थर प्रत्यक्ष सादरीकरणाचा. देवळात उभं राहून कुणी बुवा आपल्या गळ्याने, परंपरेने आलेल्या चालीत तोच अभंग म्हणतात, तेव्हा त्या म्हणण्यावर त्यांचा स्वतःचा हक्क तयार होतो आणि तो पन्नास वर्षं टिकतो.

हा हक्क आला फार उशिरा. १९७७ साली संगीतकार-गीतकारांच्या संस्थेचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला आणि निकाल चित्रपट निर्मात्यांच्या बाजूने लागला. त्या वेळी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र पुस्ती जोडली. गाणं ज्याच्या गळ्यातून येतं त्या गायकाला आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात जागाच नाही, याकडे त्यांनी संसदेचं लक्ष वेधलं. संसदेला ते ऐकू यायला १९९४ उजाडलं. तेव्हाच्या दुरुस्तीने सादरकर्त्याची व्याख्या केली आणि ती वाचण्यासारखी आहे. अभिनेता, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर त्यात डोंबारी आहे, जादूगार आहे, चक्क गारुडीही आहे. व्याख्यान देणाराही आहे, म्हणजे कीर्तनकाराला बाहेर ठेवायला जागा नाही. सरकारी मसुदे लिहिणाऱ्यांकडून इतकी उदार यादी क्वचितच निघते. २०१२ मध्ये जावेद अख्तरांच्या पुढाकाराने कायदा आणखी बदलला. व्यापारी वापर झाला तर सादरकर्त्याला स्वामित्वधनाचा वाटा आणि सादरीकरणाबरोबर त्याचं नाव, या दोन्ही गोष्टी आता कायद्यात आहेत.

त्याच कायद्यातलं एकोणिसावं कलम गावच्या कलावंताच्या सर्वांत कामाचं आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी करारानेच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे तोंडी ‘घ्या की रेकॉर्ड करून’ म्हटल्याने हक्क कायमचा जात नाही. ही गोष्ट ना गाणाऱ्याला माहीत असते, ना वाहिनीवाल्याला. माहीत असते ती कंपनीच्या वकिलाला.

याची दुसरी बाजूही मांडायला हवी. छोट्या वाहिनीला कायदा जाचतो. पार्श्वभूमीला एखादं सिनेगीत वाजलं तरी कंपनीचा दावा येतो. २०१२ च्या दुरुस्तीने प्रसारणसंस्थांसाठी एक सोय केली. प्रसिद्ध झालेलं संगीत ठरवून दिलेल्या दराने, आगाऊ सूचना देऊन वाजवता येतं, आणि अशा वेळी निर्मात्यांची व प्रमुख कलावंतांची नावं सांगावी लागतात. पण ही सोय रेडिओ आणि टीव्हीपुरतीच असून इंटरनेटवरच्या सेवांना ती लागू नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. तालुक्याची वाहिनी आज केबलपेक्षा मोबाइलवर जास्त बघितली जाते आणि नेमकी तिथेच ही वाट बंद होते. शिवाय यूट्यूबवर दावे शोधणारी स्वयंचलित यंत्रणा मोठ्या हक्कधारकांनाच वापरायला मिळते. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग कुणी उचललं तर मंडळाला ते स्वतःच शोधत बसावं लागतं.

तरी या जाचाचा एक फायदा आहे. सिनेगीत महाग पडलं की वाहिनी गावच्या गळ्याकडे वळते. प्रश्न एवढाच, की हा गळा तिला स्वस्तात नव्हे, फुकटात मिळतो. सामुदायिक माध्यमांच्या स्वस्ताईबद्दल कौतुकाने बोललं जातं, त्या स्वस्ताईचा मोठा भाग असा कलावंताच्या पदरचा असतो.

सरकारी मदतीचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. आपल्याकडे मदत म्हटली की यंत्रसामग्री डोळ्यांपुढे येते. सामुदायिक रेडिओची अनुदान योजनाही प्रामुख्याने सामग्रीसाठीच राहिली. आणि मदतीबरोबर लगामही येतो. या रेडिओंना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, द्यायच्याच तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवाव्या लागतात. म्हसवडची बातमी म्हसवडच्या केंद्राने देऊ नये, या नियमाचं समर्थन करणं अवघड आहे. पीजला आज परवानगी मागावी लागली असती तर मजुरीवरचा कार्यक्रम कितपत टिकला असता, याचा अंदाज वाचकांनी बांधावा.

पैसा द्यायचा पण लगाम हाती ठेवायचा नाही, अशा व्यवस्था जगात आहेत. अमेरिकेत १९८४ च्या केबल कायद्याने नगरपालिकांना केबल कंपन्यांकडून उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत शुल्क घेण्याची आणि लोकांसाठी वाहिन्या राखून ठेवायला लावण्याची मुभा दिली. नागरिकांसाठीच्या अशा बहुतेक केंद्रांवर कार्यक्रमाचं स्वामित्व तो बनवणाऱ्याकडेच राहतं. केबल सोडून लोक इंटरनेटकडे निघाले तसा तिथलाही हा झरा आटू लागला आहे, हे खरं. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं, कारण तिथेही प्रश्न परंपरेने आलेल्या कलेचा होता. आदिवासी चित्रकारांची चित्रं परस्पर गालिच्यांवर विणून विकणाऱ्या कंपनीला १९९४ मध्ये तिथल्या न्यायालयाने भरपाई द्यायला लावली. १९९८ मध्ये चित्रकार बुलुन बुलुन यांच्या खटल्यात न्यायालयाने त्यापुढचं पाऊल टाकलं. चित्राचं स्वामित्व चित्रकाराचं असलं तरी त्यातल्या परंपरेबाबत तो आपल्या कुळाला बांधील आहे, असं म्हटलं. आणि २००९ मध्ये चित्रपटांना सरकारी अर्थसाहाय्य देणाऱ्या ‘स्क्रीन ऑस्ट्रेलिया’ने आदिवासींबरोबर काम करताना संमती, श्रेय आणि मोबदला यांचं काय करायचं याची मार्गदर्शिकाच काढली. पैसे देणाऱ्यानेच रीत घालून दिली.

महाराष्ट्र सरकारला हे करायला दिल्लीची वाट बघण्याचं कारण नाही. प्रसारणाचा परवाना केंद्राचा विषय आहे, पण सांस्कृतिक कार्य विभाग राज्याचा आहे, वृद्ध कलावंतांचं मानधन राज्य देतं, स्थानिक वाहिन्यांवर सरकारी जाहिराती येतात. जी वाहिनी कलावंताबरोबर एका पानाचा मराठी करार करते, त्यात मुदत लिहिते, इंटरनेटवरच्या उत्पन्नाचा वाटा लिहिते आणि पडद्यावर नाव दाखवते, तिलाच सरकारी जाहिरात आणि अनुदान, अशी अट घालायला नवा कायदाही लागणार नाही. अनुदानाच्या अंदाजपत्रकात कॅमेऱ्याच्या रकान्याशेजारी मानधनाचा रकाना असावा, आणि तो रिकामा असेल तर अर्ज परत जावा. तोवर ज्यांच्या घरात भजन, भारूड किंवा शाहिरी आहे, त्यांनी पुढच्या चित्रीकरणाआधी वाहिनीकडे लेखी कागद मागावा आणि त्यावर तारीख व मुदत घालून घ्यावी.