किती काढावे, कुठे थांबावे?

रोग मुळासकट उपटून काढावा, असे आपली भाषाच आपल्याला शिकवते. अर्धवट उपचार म्हणजे हलगर्जीपणा, ही समजूत घराघरांत मुरलेली आहे. मेंदूतील एक गाठ मात्र या समजुतीची कसोटी पाहते.

क्रॅनिओफॅरिंजिओमा हे तिचे नाव. अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी ते १९३२ साली रूढ केले. ही गाठ कर्करोगाची नव्हे, आणि दुर्मीळही आहे. परंतु तिच्या रुग्णांत लहान मुले पुष्कळ असतात. तिचे स्थान मोठे अवघड. जवळच दृष्टीच्या नसा, पियुषिका ग्रंथी आणि भूक, तहान व झोप यांचे नियमन करणारा हायपोथॅलॅमस. कवटी उघडून किंवा नाकावाटे दुर्बीण घालून शल्यविशारद तिथवर पोहोचतो. वाट कोणतीही असो, प्रश्न एकच उरतो: किती काढावे आणि कुठे थांबावे?

गाठ संपूर्ण काढली तर ती पुन्हा उद्भवण्याचा धोका घटतो. पण त्या प्रयत्नात हायपोथॅलॅमस दुखावला, तर मूल वाचते आणि त्याची भूक मात्र शमेनाशी होते. शरीर बेसुमार सुटते, स्मरणशक्ती व स्वभाव पालटू शकतो. उलट, चिकटलेला भाग ठेवून किरणोपचार दिले तरी गाठ बहुधा आटोक्यात राहते. किरणांचीही किंमत मोजावी लागते; पण ती कमी करता येते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २००१ ते २०१२ या काळात अशा सौम्य व मंद वाढीच्या मेंदूगाठी असलेल्या २०० मुलांचा व तरुणांचा अभ्यास केला. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गाठीच्या आकाराबरहुकूम नेमके किरण दिलेल्यांपैकी शेकडा ३१ जणांत पाच वर्षांत नवे संप्रेरकदोष आढळले, जुन्या पद्धतीत शेकडा ५१ जणांत. गाठीवरील नियंत्रण मात्र ढळले नाही.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. निर्णय आईवडिलांचा, भोगणे मुलाचे. “डॉक्टर, सगळे काढून टाका,” या विनवणीत माया असते, तशी स्वतःच्या भीतीतून एकदाचे सुटण्याची घाईही असते. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले होते की, स्वतःवर वा इतरांवर असाधारण भार टाकणारे उपाय योजण्याचे बंधन माणसावर नाही. तो विचार प्राणरक्षणाच्या संदर्भातला होता. तरीही उपायाचा भार तोलून पाहावा, ही शिकवण येथेही उपयोगी पडते. गाठ सुरक्षितपणे निघत असेल तर ती अवश्य काढावी. निघत नसेल तिथे हात आवरणे हा भ्याडपणा नव्हे.

मात्र थांबण्याचा निर्णय स्वस्त नसतो. मागे ठेवलेल्या तुकड्यावर वर्षानुवर्षे पहारा ठेवावा लागतो: एमआरआय, रक्त, डोळे. कल्याण-डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या कुटुंबासाठी याचा अर्थ गर्दीच्या लोकलने पुन्हा पुन्हा परळ गाठणे, बुडालेला रोज, धाकट्या भावंडांची आबाळ. म्हणून हा निर्णय एकट्या आईवडिलांवर सोडून शेजाऱ्यांना आणि धर्मग्रामाला मोकळे होता येणार नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी प्रार्थनेला जमणारे पुष्कळ असतात. पाचव्या वर्षीच्या तपासणीला सोबत जाणारा एखादा तरी हवा.

“मूल वाचेल ना?” हा प्रश्न आपण विचारतोच. “वाचल्यावर ते कसे जगेल, आणि त्या जगण्याला आपला किती हातभार लागेल?” हाही विचारायला हवा.