बाटलीतलं नत्र आधी तोलून बघ

चि. बाळू यास,


राजूरच्या बाजारपेठेत तू कृषी सेवा केंद्र उघडलंस, हे ताईनं फोनवर सांगितलं आणि फार बरं वाटलं. तू दोन गोष्टी विचारल्यास. नॅनो युरियाच्या बाटल्या किती भरू, आणि आजीच्या गुडघ्यांसाठी कुणीतरी सुचवलेलं 'सी-60'चं तेल मागवू का.

तेल मागवू नकोस. सी-60 म्हणजे फुलरिन. कार्बनचे 60 अणू जोडून झालेला, फुटबॉलसारखा पोकळ गोळा. तो 1985 साली सापडला आणि शोधणाऱ्या तिघांना 1996 चं नोबेल मिळालं. 2012 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ऑलिव्ह तेलातून तो मोजक्या उंदरांना पाजला, त्यांचं आयुष्य जवळजवळ दुप्पट झाल्याचं लिहिलं, आणि त्यावर तेलाचा बाजार उभा राहिला. पुढे दुसऱ्यांनी तोच प्रयोग नीट करून पाहिला, तेव्हा आयुष्य काही वाढलं नाही. उलट उजेडात राहिलेलं तेल उंदरांना विषारी ठरलं. म्हातारीच्या पोटात असलं काही घालायचं नाही.

भीतीही तपासूनच घ्यावी लागते. फुलरिनमुळे माशांच्या मेंदूला इजा होते, असं 2004 मध्ये गाजलं होतं. नंतर कळलं की दोषाचा मोठा वाटा फुलरिन विरघळवायला वापरलेल्या द्रावकाचा होता. चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवताना मुलांना हेच सांगत आलो की बाटलीत आणखी काय आहे ते आधी विचारा.

आता नॅनो युरिया. इफ्कोनं तो 2021 मध्ये आणला. कण 20 ते 50 नॅनोमीटरचे, म्हणजे इंद्रायणी तांदळाच्या एका दाण्याच्या लांबीत लाखभर ओळीनं बसतील. अर्ध्या लिटरची बाटली 45 किलोच्या गोणीची जागा घेते, असा दावा. तू कागद-पेन्सिल घे. गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. सुरुवातीच्या त्या बाटलीत 4 टक्के होतं, म्हणजे 20 ग्रॅम. हजारपट फरक! कण बारीक केले की तितक्याच वजनाच्या मालाचा पृष्ठभाग वाढतो, तो लवकर लागू पडतो. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर पटकन विरघळते तसं. पण बारीक केल्यानं नत्र वाढत नाही, आणि भाताच्या शेताला ते ग्रॅमनं नव्हे, किलोनं लागतं.

कंपनीच्या चाचण्यांत सरासरी 8 टक्के उत्पन्न वाढल्याचं सांगितलं जातं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात मात्र दोन वर्षांच्या प्रयोगात भात 13 टक्क्यांनी आणि गहू 21.6 टक्क्यांनी घटला. कंपनीला ते मान्य नाही. वाद विद्वानांचा असला तरी घट शेतकऱ्याच्या कणगीत दिसते. म्हणून गोणी मागणाऱ्या माणसाच्या हातात 'हीच घ्या' म्हणून बाटली देऊ नकोस. गोणीबरोबर बाटली घ्यायलाच लावणंही नको.

नॅनो म्हटलं की सगळंच फसवं, असं मात्र समजू नकोस. पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर काम झालं आणि त्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेला, विजेशिवाय चालणारा जलशुद्धक 2009 मध्ये बाजारात आला. आपण तूस चुलीत घालतो, राख उकिरड्यावर टाकतो; कुणीतरी त्यातून पाणी गाळलं, याचा मला आजही आनंद वाटतो. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीनं कोरोनाची लस स्निग्ध पदार्थाच्या नॅनोकणांच्या आधारानं बनवली. तिथे मात्रा मोजलेली असते आणि टोचलेल्या माणसावर लक्ष असतं.

शिवारात ते लक्ष कोण ठेवणार? गेल्या आषाढात मी आलो होतो, तेव्हा तू फवारणीचा पंप ओढ्यात बुडवून खळखळून धुतलास. पांढुरका फेस दगडांना लागून खाली गेला आणि पन्नास पावलांवर बायका धुणं धूत होत्या. त्या दिवशी मी बोललो नाही, ते माझं चुकलं. उद्या तू नॅनो झिंक, नॅनो चांदी विकशील. चांदी जंतू मारते म्हणून तर वापरायची. पण ओढ्यात ती शेवाळावर आणि पाणकिड्यांवरही तेच काम करते. गाळातल्या गंधकाशी जोडली गेली की तिचा जोर बराच ओसरतो, हे खरं. पण त्याआधी तिला पाण्यातूनच जावं लागतं, आणि आपला ओढा प्रवरेला मिळतो. तेव्हा पंप बांधावर धुवायचा आणि ते पाणी फवारलेल्याच खाचरात ओतायचं. हे गिऱ्हाईकाला बाटली देतानाच सांग. तोंडाला फडकं बांधायलाही सांग, तुषार छातीत जातात.

किती बाटल्या भरायच्या, ते यंदा ठरवू नकोस. ताईच्या खाचरात सारख्या मापाचे तीन तुकडे आख. एकाला नेहमीचा युरिया, दुसऱ्याला युरिया कमी करून बाटली, तिसऱ्याला तितकाच कमी युरिया आणि फवारणी नुसत्या पाण्याची. कोणत्या तुकड्याला काय दिलं ते वहीत लिही, झोडणी वेगवेगळी कर. कापणीला मी येतो, येताना तोलकाटा घेऊन येईन.

तुझा,
मामा