वाट्याचा घोडा

आम्ही आठ जण होतो आणि घोडा एक. प्रत्येकाच्या वाट्याला आठवा हिस्सा. कागदावर हे गणित बिनचूक होते. पण त्या घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाला सूज आली, तेव्हा त्या सुजेचा आठवा हिस्सा कोणाचा, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येईना. या लेखात तेवढाच प्रश्न मांडायचा आहे. जिवंत प्राण्याची मालकी वाटून घेता येते. मग जबाबदारीही तशीच वाटली जाते का?

आम्ही सगळे महाराष्ट्रातून जाऊन अमेरिकेत, न्यू जर्सीत स्थिरावलेले. कोणी संगणकाच्या नोकरीत, एक डॉक्टर, एक किराणा दुकानदार. घोड्याशी आमचा संबंध म्हणाल तर तरुणपणी मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याला पाहिलेल्या दोन-चार शर्यती. फक्त एकाच्या घरात खराखुरा घोडा होता. त्याचे आजोबा मिरजेत टांगा हाकायचे. त्यांच्याकडे पुढे येऊच.

केंटकी डर्बीचे नाव जगाला ठाऊक असते. पण तिथल्या रेसकोर्सचा रोजचा चरितार्थ ‘क्लेमिंग’ शर्यतींवर चालतो. अमेरिकेत होणाऱ्या थरोब्रेड घोड्यांच्या शर्यतींपैकी निम्म्याच्या आसपास शर्यती या प्रकारच्या असतात. अशा शर्यतीत उतरलेला प्रत्येक घोडा ठरलेल्या किमतीला विक्रीस असतो. समजा, शर्यत 16,000 डॉलरची आहे. परवाना असलेला आणि खात्यात पैसे भरलेला मालक शर्यतीआधी चिठ्ठी टाकून सांगू शकतो, हा घोडा मला हवा. एकाच घोड्यासाठी दोन-तीन चिठ्ठ्या पडल्या, तर क्रमांकाच्या गोळ्या हलवून सोडत काढतात. त्या शर्यतीचे बक्षीस जुन्या मालकाचे. शर्यत संपली की घोडा नव्याचा. जुन्या मालकाला नाही म्हणता येत नाही.

या पद्धतीत शहाणपण आहे, हे नाकारता येणार नाही. चांगला घोडा स्वस्त शर्यतीत घालून सोपे बक्षीस लाटावे, तर घोडाच हातचा जातो. कच्चा घोडा महाग शर्यतीत घालावा, तर तो मागे राहतो. त्यामुळे आपल्या घोड्याची खरी किंमत मालकाला स्वतःच सांगावी लागते. गमावण्याची भीती माणसाला प्रामाणिक ठेवते. पहिल्या बैठकीत हे समजले तेव्हा आम्हाला आमच्याकडचा बैलबाजार आठवला. तिथे हेडी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात. इथे भाव आधीच छापलेला. किती स्वच्छ व्यवहार, असे आम्ही म्हणालो.

आशेलाही जागा होती. 1943 साली हर्श जेकब्स या ट्रेनरने स्टायमी नावाचा घोडा 1,500 डॉलरला क्लेम केला आणि त्या घोड्याने आयुष्यात नऊ लाखांहून अधिक डॉलर मिळवले. 2004 साली काही भागीदारांनी लाव्हा मॅन हा घोडा 50,000 डॉलरला उचलला. त्याची कमाई पुढे पन्नास लाखांवर गेली. अगदी अलीकडे, 2021 च्या सप्टेंबरात 30,000 डॉलरला क्लेम झालेला रिच स्ट्राइक 2022 ची केंटकी डर्बी जिंकला. त्याच्यावर भाव होता ऐंशीला एक. पहिले दोन किस्से आम्हाला तेव्हाच पाठ होते. असे किस्से ऐकल्यावर पगारदार माणसालाही वाटते, आपले नशीब कुठल्या तरी तबेल्यात उभे असेल.

भागीदारीने हे स्वप्न सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले, हेही खरे. 2003 ची डर्बी जिंकलेल्या फनी साइडचे मालक न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावातले शाळासोबती आणि त्यांचे स्नेही होते. ते शाळेच्या पिवळ्या बसमधून शर्यतीला गेले. श्रीमंतांच्या मैदानात ती बस शिरली याचा आम्हालाही आनंद झाला होता. आमची भागीदारी जमली त्यामागे त्या बसचा वाटा मोठा होता.

2008 साली आम्ही प्रत्येकी चार हजार डॉलर काढले. 16,000 डॉलरला एक पाच वर्षांचा, खच्ची केलेला तांबडा घोडा क्लेम केला. उरलेले पैसे खुराक, नाल, पशुवैद्य आणि ट्रेनर यांच्या बिलांसाठी. घोड्याचे नाव इथे लिहीत नाही. त्याच्या हातून काही चुकले नव्हते. आमच्याकडे तो एकदा जिंकला, दोनदा दुसरा आला. जिंकला त्या दिवशी आठ कुटुंबे बिर्याणीचे डबे घेऊन आली होती आणि मुलांनी त्याच्यासोबत फोटो काढले. तो आनंद खोटा नव्हता.

पुढच्या वर्षी डाव्या पायाच्या खुरावरच्या सांध्याला सूज आली. ट्रेनरने दोन वाटा सांगितल्या. एक, सहा महिने विश्रांती. बिले चालू राहतील आणि घोडा पूर्वीसारखा होईलच असे नाही. दुसरी, पाच हजारांच्या शर्यतीत घालायचा. ‘जिंकला तर बक्षीस मिळेल, कोणी नेला तर पाच हजार मिळतील,’ असे तो म्हणाला. रात्री फोनवर आम्ही आठ जण एकत्र आलो. डॉक्टरने विचारले, ‘पायात नेमकं काय आहे? एक्स-रे काढलाय का?’ थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने हिशेब वाचून दाखवला. मत घेतले. सहा विरुद्ध दोन. ते दोघेही बहुमताला मान देऊन गप्प बसले, म्हणून आज आम्ही आठही जणांना एकाच ‘आम्ही’मध्ये धरतो.

घोडा धावला, चौथा आला आणि लंगडत परतला. त्याच्यावर चिठ्ठी पडली होती. नव्या मालकाचा माणूस आपली म्होरकी घेऊन आला. आमच्या घोड्याला रोज खरारा करणारा ग्वाटेमालाचा मजूर जुनी म्होरकी काढून हातात धरून उभा राहिला. त्याचा वाटा शून्य होता. ‘पायाला बर्फ लावा,’ एवढेच तो त्या माणसाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होता. आमच्यापैकी तिथे दोघे होते. आम्ही काही सांगितले नाही.

त्यानंतर तो घोडा आणखी दोन शर्यतींत दिसला. मग निकालांच्या पानांवरून त्याचे नाव गेले.

आता समर्थन पाहू. ते तेव्हा आमच्या तोंडी होते, म्हणून चांगले ठाऊक आहे. घेणारा काही अजाण नव्हता. सोळा हजारांचा घोडा पाच हजारांना दिसला की पायात काहीतरी आहे हे तो ओळखतो. नियम त्यालाही माहीत होते. आम्ही खोटे बोललो नाही, कारण आम्हाला कोणी विचारलेच नाही. आणि आठव्या हिश्श्याचा माणूस एकट्याने काय करणार?

पहिले म्हणणे दोन माणसांपुरते ठीक आहे. घेणारा शहाणा, देणारा शहाणा; फसला तर आपल्या जोखमीवर फसला. पण या सौद्यात तिसराही होता, आणि पाय त्याचा होता. किंमत खरी ठरवणारी ती भीती माल गमावण्याची आहे. माल आजारी असला की तीच भीती उलटी होते. आता मालकाला भीती वाटते ती घोडा कोणी नेणार नाही याची. जो नियम धडधाकट घोड्याबाबत आम्हाला खरे बोलायला लावत होता, तोच जखमी घोड्याबाबत गप्प राहायला शिकवत होता.

दुसरे समर्थन अधिक खोल आहे आणि आमच्या मते भागीदारीचा खरा दोष तिथे आहे. आम्ही म्हणतो, जबाबदारी वाटली गेली. प्रत्यक्षात वाटली गेली ती माहिती. पाय ट्रेनरला माहीत होता, इंजेक्शने पशुवैद्याला माहीत होती, बिले हिशेब ठेवणाऱ्याला, आणि आम्हाला निकाल. पूर्ण घोडा कोणालाच माहीत नव्हता, त्या मजुराखेरीज. ही अडाणी अवस्था आमच्यावर कोणी लादली नव्हती. आम्ही ती पैसे देऊन राखली होती. डॉक्टरचा प्रश्न हवेत राहिला, कारण उत्तर मिळाले असते तर मत देणे कठीण झाले असते.

मिरजेच्या टांगेवाल्या आजोबांना ही सोय नव्हती. त्यांचा नातू सांगतो, ते घोड्याला चाबूकही मारायचे. त्यांना संत करायची गरज नाही. पण घोडा लंगडला तर त्या दिवशी चूल पेटायची नाही. म्हणून संध्याकाळी टांगा सोडल्यावर आधी चारही पाय हाताने चाचपायचे, मग चंदीचा तोबरा तोंडाला बांधायचा, मग स्वतः जेवायला बसायचे. त्यांची काळजी स्वार्थातून आली असेल. पण पाय त्यांच्या हाताखाली होता. आमच्याकडे पैसा जास्त होता, पण आमच्यापैकी एकाचाही हात त्या पायापर्यंत पोचत नव्हता.

कायद्याने पुढे यातला काही भाग ओळखला. 2011 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्वेडक्ट रेसकोर्सवर कॅसिनो सुरू झाला आणि त्याच्या पैशातून बक्षिसे फुगली. स्वस्त शर्यतीचे बक्षीस घोड्याच्या किमतीपेक्षा मोठे झाले. घोड्यापेक्षा त्याची एक धाव मोलाची ठरली. 30 नोव्हेंबर 2011 ते 18 मार्च 2012 या काळात तिथल्या आतल्या धावपट्टीवर शर्यतीत जायबंदी होऊन 21 घोडे गेले. राज्याने चौकशी समिती नेमली. शर्यतीत मेलेल्या घोड्याचा क्लेम रद्द करण्याचा नियम त्या सुमारास आला. तोवर मेलेल्या घोड्याचे पैसेसुद्धा नव्या मालकाला भरावे लागत. 1 जुलै 2022 पासून लागू झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा नियमांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. शर्यतीनंतर तासाभरात पशुवैद्याला घोडा लंगडताना आढळला, तर क्लेम रद्द होतो आणि घोडा जुन्या मालकाकडे परत येतो.

हा नियम 2009 साली असता, तर आमचा घोडा त्या संध्याकाळी आमच्याच दारात उभा राहिला असता. लाज जे करू शकली नाही ते कायद्याने केले, म्हणून कायद्याचे आभार मानायचे. पण त्याची मुदत एक तासाची आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो. 1986 ची डर्बी जिंकलेला फर्डिनंड जपानला विकला गेला, तिथे एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि 2002 साली कत्तलखान्यात संपला. त्या साखळीतल्या प्रत्येकाने आपल्यापुरता कायदेशीर व्यवहार केला असेल. डर्बी जिंकलेल्याची ही गत, तर पाच हजारांच्या घोड्याची काय?

आता तर भागीदारी हजारोंची होते. 2020 ची डर्बी जिंकलेल्या ऑथेंटिकमध्ये पाच हजारांहून अधिक लोकांचे छोटे वाटे होते. आम्ही त्यांना हसत नाही. तोच आनंद आम्हीही घेतला आहे. एवढेच म्हणतो की पाच हजारावा हिस्सा असलेल्यालाही पूर्ण प्रश्न विचारता येतो. नफ्याचे, खर्चाचे, मालकीचे तुकडे होतात. ‘त्याचा पाय कसा आहे?’ या प्रश्नाचा तुकडा होत नाही. तो ज्याने विचारला नाही, त्याच्यावर संपूर्ण जबाबदारी राहते.

मराठीत आपण ठेवीला ‘अनामत’ म्हणतो. मूळ शब्द अमानत. भाषेत अक्षरे उलटसुलट झाली, अर्थ टिकला: दुसऱ्याचे जे आपल्याकडे सोपवले आहे ते. घोडा आमचा आहे असे आम्ही समजत होतो. त्याचा पाय त्याचाच होता, आमच्याकडे सोपवलेला.

2013 साली आम्ही पुन्हा एक घोडा घेतला, तेव्हा तीन अटी कागदावर लिहिल्या. शर्यतीची किंमत उतरवायची असेल तर आधी पायाचा अहवाल सगळ्यांनी वाचायचा. एकाचाही नकार असेल तर उतरवायची नाही. आणि प्रत्येक बक्षिसातून दहावा भाग घोड्याच्या म्हातारपणासाठी अनामत ठेवायचा. अटी ऐकून तिघे बाहेर पडले. त्यांचा राग नाही. हे धंद्याचे गणित नाही, असे ते म्हणाले आणि ते खरे होते. तीन वर्षांत आमचे पैसे बुडाले. 2016 साली तो घोडा पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावर पाठवला. अनामत कधीच संपली. दर महिन्याला बिल येते आणि आम्ही पाच जण ते भरतो.

कधी कधी पाचांपैकी एखादा बिल पाहून कुरकुरतो. मग टांगेवाल्याचा नातू शेतावर फोन लावतो आणि पहिल्यांदा पायाचे विचारतो. पहिल्या घोड्याबद्दल मात्र कुठे फोन लावायचा, हे आम्हा आठांपैकी कोणालाच माहीत नाही.